वेबपॅक ५: मागून ओढल्या जाणाऱ्या चंकना रनटाइमला व्हर्जन कसं लावायचं

वेबपॅक म्हणजे जावास्क्रिप्ट कोड बांधून ब्राउझरसाठी फाइली तयार करणारं साधन. त्यातली गरज पडली तेव्हाच मागून आणली जाणारी फाइल म्हणजे चंक, आणि ती ब्राउझरमध्ये आणणारा वेबपॅकचा छोटा कोड म्हणजे रनटाइम. डिप्लॉय (नवं बिल्ड सर्व्हरवर चढवणं) होऊन दोन तास झालेले असतात. कुणीतरी सकाळपासून उघड्या असलेल्या टॅबमध्ये ‘अहवाल’वर क्लिक करतं आणि काहीच होत नाही. कन्सोलमध्ये चंकलोडएरर: ‘लोडिंग चंक ३९१ फेल्ड’. कधी नेमकं याच्या उलट होतं. पान नवं आलेलं असतं, पण मागून ओढलेली फाइल ब्राउझर जुन्या कॅशमधून काढून देतो, आणि ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड, रीडिंग कॉल’ असा कोड्यात टाकणारा संदेश येतो. नव्या रनटाइमने मागितलेला मॉड्यूल क्रमांक जुन्या चंकमध्ये नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: पान आणि त्याने मागून ओढलेली फाइल एकाच बिल्डमधल्या आहेत की नाहीत, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

एचटीएमएलमधल्या स्क्रिप्ट टॅगला व्हर्जन लावणं सोपं, कारण तो टेम्प्लेटमध्ये डोळ्यांसमोर असतो. डायनॅमिक इम्पोर्टच्या चंकचा पत्ता कुठल्याच टेम्प्लेटमध्ये नसतो. गरज पडली की वेबपॅकचं रनटाइम तो ब्राउझरमध्येच जुळवतं. म्हणून व्हर्जनही तिथेच लागायला हवं.

पुढे ऑप्शन आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने, कॅमलकेसमध्येच टाइप करायची.

पत्ता कुठे तयार होतो

बिल्ड झाल्यावर रनटाइमची फाइल उघडा आणि वेबपॅक-रिक्वायर या फंक्शनवर टांगलेली एकाक्षरी नावं शोधा. ‘ई’ म्हणजे चंक आणून दे. ‘यू’ म्हणजे चंकच्या क्रमांकावरून फाइलचं नाव दे. ‘पी’ म्हणजे पब्लिक पाथ, नावाच्या आधी लागणारा पत्ता. ‘एल’ म्हणजे स्क्रिप्ट टॅग तयार करून पानात घाल. पत्ता म्हणजे ‘पी’ अधिक ‘यू’, बस्स. आपल्याला हात लावायचा तो या दोघांनाच. ‘ई’ किंवा ‘एल’ बदलायला गेलात तर एरर हाताळणी, टाइमआउट, एकच फाइल दोनदा न आणण्याची काळजी, हे सगळं आपल्या गळ्यात पडतं.

आधी प्लगिनशिवाय जमतं का ते बघा

बहुतेक प्रोजेक्टना प्लगिनची गरजच नसते. आउटपुटमध्ये फाइलनेम आणि चंकफाइलनेम या दोन्हींत चौकटी कंसातलं कंटेंटहॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) घाला. त्यापुढे अपूर्णविराम आणि ८ लिहिलं की आठ अक्षरी हॅश येतो. ‘यू’ फंक्शनमध्ये चंक क्रमांक आणि हॅशचा तक्ता आपोआप येतो आणि ‘अहवाल.३९१७२०४५.जेएस’ अशा धाटणीची नावं तयार होतात. मजकूर बदलला की नाव बदलतं, मजकूर तोच तर नाव तेच. चंकफाइलनेम लिहायचं राहिलं आणि फाइलनेम नुसतं ‘बंडल डॉट जेएस’ असलं, तर चंकचं नाव ‘३९१ डॉट बंडल डॉट जेएस’ होतं. त्यात व्हर्जनचा मागमूस नाही, आणि बऱ्याच जुन्या कॉन्फिगमध्ये गोम इथेच असते.

कंटेंटहॅशच्या जागी फुलहॅश वापरू नका. तो अख्ख्या बिल्डचा हॅश आहे. एका चंकमध्ये एक ओळ बदलली तरी चाळीसच्या चाळीस फाइलींची नावं बदलतात आणि परत आलेल्या माणसाला सगळं पुन्हा डाउनलोड करावं लागतं.

सोबत ऑप्टिमायझेशनमध्ये रनटाइमचंक ‘सिंगल’ ठेवा. हॅशचा तक्ता रनटाइममध्ये असतो आणि रनटाइम मुळात मुख्य बंडलमध्ये बसलेलं असतं. त्यामुळे कोपऱ्यातला एखादा चंक बदलला तरी मुख्य बंडलचा हॅश बदलतो. रनटाइम वेगळं काढलं की तेवढी काही किलोबाइटची फाइल बदलते, मोठी बंडलं जशीच्या तशी राहतात. मॉड्यूलआयडीज आणि चंकआयडीज प्रॉडक्शन मोडमध्ये ‘डिटरमिनिस्टिक’ असतात आणि रिअलकंटेंटहॅश चालू असतो. वेबपॅक ४ वरून उचलून आणलेल्या कॉन्फिगमध्ये कुणी मॉड्यूलआयडीज ‘हॅश्ड’ वगैरे लिहून ठेवलं असेल तर ती ओळ काढून टाका.

इथे एक चूक फार सर्रास होते. डिफाइनप्लगिनमधून बिल्डची वेळ किंवा कमिट क्रमांक कोडमध्ये टोचला जातो आणि तो कॉन्स्टंट पंधरा ठिकाणी वापरला जातो. मग एकही ओळ न बदलता बिल्ड केलं तरी त्या पंधरा चंकांचे हॅश बदलतात. हा कॉन्स्टंट एकाच छोट्या मॉड्यूलमध्ये वाचायचा आणि बाकी सगळ्यांनी तिथून घ्यायचा. मॉड्यूल कनकॅटिनेशनमुळे (वेबपॅक अनेक मॉड्यूल एकत्र जोडतं त्यामुळे) तो पुन्हा दुसरीकडे मिसळत नाही ना, हे बिल्डमध्ये शोधून खात्री करा.

क्वेरीतलं व्हर्जन: जपून

फाइलचं नाव कायम ठेवून शेवटी प्रश्नचिन्ह आणि व्हर्जन लावायचं असेल, तर तेही चंकफाइलनेममध्येच होतं. नावानंतर प्रश्नचिन्ह, ‘व्ही’, बरोबरचं चिन्ह आणि कंटेंटहॅश लिहा. डिस्कवर लिहिताना वेबपॅक प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग गाळतं, पत्त्यात मात्र तो राहतो.

पण क्वेरी, म्हणजे पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग, ही फक्त कॅशची किल्ली. सर्व्हरवर फाइल एकच असते. समजा तीन सर्व्हरवर एकामागून एक डिप्लॉय चालू आहे. पहिल्याने नवं पान दिलं. पानाने नव्या व्हर्जनचा चंक मागितला. विनंती गेली तिसऱ्या सर्व्हरकडे, जिथे अजून जुनी फाइल आहे. तो क्वेरीकडे ढुंकूनही बघत नाही आणि जुनी फाइल २०० (‘सगळं ठीक’ असा स्टेटस) देऊन मोकळा होतो. सीडीएन (फाइलींच्या प्रती जागोजागी ठेवणारं सर्व्हरांचं जाळं) ती नव्या व्हर्जनच्या किल्लीखाली वर्षभरासाठी ठेवून घेतो. आता डिप्लॉय पूर्ण झालं तरी त्या भागातल्या सगळ्यांना नव्या पत्त्यावर जुना माल मिळत राहतो, आणि आपल्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठीक दिसतं. हॅश नावात असता तर तिसऱ्या सर्व्हरकडे ती फाइलच नसती आणि त्याने ४०४ (‘सापडलं नाही’) दिला असता. ४०४ दिसतो, तक्रार येते, पुन्हा प्रयत्न करता येतो. चुकीचा २०० कुणाला दिसत नाही.

शिवाय काही सीडीएनवर ‘क्वेरी दुर्लक्षित करा’ असं सेटिंग चालू असतं. तिथे व्हर्जन कितीही बदला, फाइल तीच येते. म्हणून नावात हॅश घालणं शक्य असेल तिथे नावातच घालावा, या मताला आम्ही चिकटून आहोत.

मग रनटाइमला, म्हणजे पान ब्राउझरमध्ये चालताना, व्हर्जन कधी लावायचं?

व्हर्जन बिल्डच्या वेळी माहीतच नसतं तेव्हा. उदाहरणार्थ, एकच बिल्ड तपासणीच्या आणि खऱ्या अशा दोन्ही सर्व्हरवर चढतं आणि रिलीज क्रमांक सर्व्हर पानात लिहितो. किंवा विजेट दुसऱ्यांच्या साइटवर बसतं, फाइलींची नावं करारात ठरलेली असतात आणि बदलता येत नाहीत. किंवा जुन्या सीएमएसमध्ये (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइली ठरावीक नावानेच अपलोड होतात.

यावर पहिला उपाय म्हणजे फोल्डर. प्रत्येक रिलीज सीडीएनवर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि वेबपॅक-पब्लिक-पाथ या खास व्हेरिएबलमध्ये तो पत्ता रनटाइमला भरा. जुना टॅब जुन्या फोल्डरमधून उचलतो, नवा टॅब नव्यातून. भेसळ होतच नाही. एक काळजी घ्या: इम्पोर्टच्या ओळी फाइलमध्ये कुठेही लिहिल्या तरी आधी चालतात. त्यामुळे पब्लिक पाथ भरणारी ओळ एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल एंट्रीमध्ये सर्वांत आधी इम्पोर्ट करा. या पद्धतीची किंमत अशी की न बदललेले चंकही दर रिलीजला नव्याने डाउनलोड होतात.

फोल्डर करता येत नसेल तर ‘यू’ला गुंडाळणारं प्लगिन लिहायचं.

प्लगिन

साधारण तीस ओळींचं काम आहे. वेबपॅककडून रनटाइमग्लोबल्स, रनटाइममॉड्यूल आणि टेम्प्लेट या तीन गोष्टी घ्या.

आधी रनटाइममॉड्यूलपासून आपला क्लास बनवा. कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरला दोन गोष्टी द्या: एक नाव आणि स्टेज. स्टेज ‘स्टेज-अटॅच’च द्या. ‘यू’ तयार करणारं वेबपॅकचं स्वतःचं मॉड्यूल ‘स्टेज-नॉर्मल’ला, म्हणजे शून्यावर असतं, अटॅच १० वर असतो. स्टेज दिला नाही तर आपला कोड ‘यू’च्या आधी लागू शकतो. मग गुंडाळायला तिथे काहीच नसतं, आणि आपण जे ठेवू ते नंतर पुसलं जातं.

जनरेट या मेथडमधून ब्राउझरमध्ये चालणारा कोड स्ट्रिंग म्हणून परत करायचा. त्यात क्रमाने एवढंच:

१. मूळ ‘यू’ एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. त्याचं नाव हाताने टाइप करू नका, रनटाइमग्लोबल्समधल्या गेटचंकस्क्रिप्टफाइलनेममधून घ्या.

२. ‘सेल्फ’वर ठेवलेला रिलीज क्रमांक एकदाच वाचा आणि दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. तो नसेल तर पर्याय म्हणून बिल्डचा फुलहॅश घ्या. तो देणारं फंक्शन रनटाइमग्लोबल्समध्ये गेटफुलहॅश नावाने आहे.

३. ‘यू’च्या जागी नवं फंक्शन ठेवा. ते मूळ फंक्शनकडून नाव घेईल, नावात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर अँपरसँड, नसेल तर प्रश्नचिन्ह लावेल, आणि त्यापुढे एनकोडयूआरआयकंपोनंटमधून काढलेलं व्हर्जन जोडेल.

व्हेरिएबलची नावं बाहेर कुणाशी भिडण्याची चिंता नको. वेबपॅक प्रत्येक रनटाइममॉड्यूल स्वतंत्र फंक्शनमध्ये बंद करतं.

आता जोडणी. प्लगिनच्या अप्लायमध्ये कंपायलरच्या धिसकंपायलेशन हुकवर टॅप करा (हुक म्हणजे वेबपॅक ठरावीक क्षणी हाक मारतं ती जागा, टॅप म्हणजे तिथे आपलं फंक्शन टांगणं). आत कंपायलेशनचा रनटाइमरिक्वायरमेंटइनट्री हा हुक, फॉरमध्ये गेटचंकस्क्रिप्टफाइलनेम देऊन, टॅप करा. मिळालेल्या सेटमध्ये गेटफुलहॅश घाला आणि अ‍ॅडरनटाइममॉड्यूलला चंक आणि आपल्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट द्या.

आणि काहीही रिटर्न करू नका. हा हुक बेल प्रकारचा आहे: कुणी एकाने किंमत परत केली की पुढच्यांना हाक जात नाही. वेबपॅकच्या स्वतःच्या कोडमध्ये याच ठिकाणी शेवटी ‘रिटर्न ट्रू’ आहे, आणि नमुना म्हणून तोच कोड उचलला की ती ओळही सोबत येते. आपली प्लगिन वेबपॅकच्या अंगभूत प्लगिनांच्या आधी लागतात. त्यामुळे आपण ट्रू परत केलं की मूळ ‘यू’ बनवणाऱ्याची पाळीच येत नाही. बिल्ड बिनबोभाट पार पडतं आणि ब्राउझरमध्ये पहिल्याच चंकला ‘इज नॉट अ फंक्शन’ येतं.

व्हर्जन एकदाच वाचायचं, हेही सहज सोडून देण्यासारखं नाही. दर वेळी ‘डेट डॉट नाउ’ जोडणारी प्लगिन लोक लिहितात. कॅश फुटते हे खरं, पण ती प्रत्येक भेटीला फुटते. शिवाय वेबपॅकप्रीफेच ही (चंक आधीच आणून ठेवायला सांगणारी) कॉमेंट वापरली असेल तर प्रीफेचची लिंकही ‘यू’वरूनच पत्ता घेते. तिला एक वेळ मिळते, नंतर खऱ्या स्क्रिप्टला दुसरी, आणि फाइल दोनदा उतरते. प्रीफेच करूनही पान हळू का, याचं उत्तर नेटवर्क टॅबमध्ये एकाच नावाच्या दोन ओळींत सापडतं.

‘विंडो’ न वापरता ‘सेल्फ’ वापरायचं कारण वेब वर्कर, म्हणजे पानाच्या मागे वेगळी चालणारी स्क्रिप्ट. वर्करच्या बंडलचं रनटाइम वेगळं असतं आणि त्यातही चंक असतील तर आपलं मॉड्यूल तिथेही जातं. वर्करमध्ये विंडो नाही आणि डॉक्युमेंटही नाही. विंडो लिहिलंत तर वर्कर सुरू होतानाच कोसळतो. पानावर ठेवलेला रिलीज क्रमांकही वर्करला दिसत नाही, म्हणून फुलहॅशचा पर्याय हवाच.

सीएसएसला हे व्हर्जन लागत नाही. मिनी सीएसएस एक्स्ट्रॅक्ट प्लगिन फाइलचं नाव वेगळ्या फंक्शनमधून घेतं, ‘यू’मधून नाही. त्या प्लगिनच्या स्वतःच्या चंकफाइलनेममध्ये कंटेंटहॅश घाला. नाहीतर नव्या जावास्क्रिप्टवर जुनी स्टाइल चढते आणि मांडणी विस्कटते.

रिलीज क्रमांक ठेवणारी ओळ पानात रनटाइमच्या स्क्रिप्टच्या आधी असायला हवी. साइटवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या याचा नियम) असेल तर त्या इनलाइन स्क्रिप्टला नॉन्स (एकदाच वापरायचा परवानगीचा शब्द) द्यायला विसरू नका.

सर्व्हरची बाजू

इथे चुकलं तर वरचं सगळं पाण्यात. इंडेक्स डॉट एचटीएमएलला कॅश-कंट्रोल ‘नो-कॅश’ द्या. नावावरून वाटतं तसं ‘साठवू नका’ असा त्याचा अर्थ नाही. ‘वापरण्याआधी सर्व्हरला विचारा’ असा आहे, आणि आपल्याला तेवढंच हवंय. नावात हॅश असलेल्या फाइलींना मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे ३६५ दिवस, आणि सोबत ‘इम्यूटेबल’. व्हर्जन फक्त क्वेरीत असलेल्या फाइलींना एवढी मुदत देऊ नका. काही मिनिटं ठेवा, म्हणजे वर सांगितलेली तीन सर्व्हरांची गफलत झाली तरी ती आपोआप विरते.

सिंगल पेज अ‍ॅपसाठी एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘फाइल नसेल तर इंडेक्स डॉट एचटीएमएल दे’ असा ट्रायफाइल्स असतो. हाच नियम चंकच्या फोल्डरलाही लागू राहिला तर नसलेल्या चंकच्या जागी एचटीएमएल जातं, तेही २०० सोबत. कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे ‘<’ हे चिन्ह दिसलं की ओळखायचं. त्या लोकेशनवर वर्षाची मुदत लावलेली असेल तर ते एचटीएमएल जेएसच्या पत्त्यावर वर्षभर मुक्काम ठोकतं. चंकच्या फोल्डरला वेगळा लोकेशन ब्लॉक द्या आणि तिथे ट्रायफाइल्सच्या शेवटी बरोबरचं चिन्ह आणि ४०४ लिहा. अ‍ॅडहेडर मुळात यशस्वी आणि रीडायरेक्टच्या उत्तरांनाच लागतो, ४०४ ला लागत नाही. त्यापुढे ‘ऑलवेज’ जोडलंत तर तो ४०४ सुद्धा वर्षभर टिकेल, म्हणून इथे जोडू नका.

अपलोडचा क्रम: आधी सगळे चंक, ते सगळीकडे पोचल्यावर शेवटी एचटीएमएल. जुने चंक लगेच पुसू नका. आउटपुटमधलं क्लीन फक्त बिल्डच्या मशीनवरचं फोल्डर झाडतं, त्याला हरकत नाही; पण सर्व्हरशी सिंक करताना ‘डिलीट’ लावलं की उघड्या टॅबांखालची सतरंजीच ओढली जाते. लोक टॅब किती दिवस उघडे ठेवतात याचा अंदाज घेऊन जुने रिलीज ठेवा. कार्यालयीन अ‍ॅपसाठी दोन आठवडे कमी नाहीत आणि जास्तही नाहीत.

तरीही चंक सापडला नाही तर

चंक अपयशी ठरला की वेबपॅक त्याची नोंद पुसतं, त्यामुळे तोच इम्पोर्ट पुन्हा बोलावला तर नव्याने प्रयत्न होतो. एररच्या टाइपमध्ये कारण असतं. ‘मिसिंग’ म्हणजे फाइल आली पण तिने चंक नोंदवला नाही, बहुधा वरचं एचटीएमएल प्रकरण. ‘एरर’ म्हणजे ४०४ किंवा नेटवर्क. ‘टाइमआउट’ म्हणजे चंकलोडटाइमआउट उलटला. तो मुळात १२०००० मिलिसेकंद, म्हणजे दोन मिनिटं असतो. मोबाइलवर दोन मिनिटं कुणी थांबत नाही, तो ३०००० करा.

आधी एकदा पुन्हा प्रयत्न, मग पान रीलोड. रीलोडआधी सेशनस्टोरेजमध्ये खूण ठेवा आणि ती आधीच असेल तर रीलोड न करता संदेश दाखवा, नाहीतर पान गरगर फिरत राहतं. चंक नीट आला की खूण काढा. अर्धवट भरलेला फॉर्म उघडा असताना रीलोड कधीच करू नका. माणसाने पंधरा मिनिटं भरलेली माहिती आपल्या डिप्लॉयमुळे जाऊ नये. रीलोड एका पानावरून दुसऱ्यावर जाताना करा.

रिअ‍ॅक्ट या लायब्ररीचं लेझी (कंपोनंट गरजेपुरता आणणारं फंक्शन) अपयशही लक्षात ठेवतं, म्हणून पुन्हा प्रयत्नाचा कोड लेझीला दिलेल्या फंक्शनच्या आत हवा. बाहेरच्या एरर बाउंडरीत ‘पुन्हा प्रयत्न करा’ बटण देऊन तोच कंपोनंट परत काढला तर तीच एरर परत येते. वेबपॅकऐवजी व्हीट हे साधन वापरत असाल तर ४.४ पासून विंडोवर ‘व्हीट प्रीलोडएरर’ हा इव्हेंट येतो. रीलोडचा हाच कोड तिथे लावता येतो.

तपासायचं असं

काहीही न बदलता दोनदा बिल्ड करा, दोन फोल्डरांत. डिफ चालवा, एकही फरक दिसता कामा नये. फरक दिसला तर कुठेतरी वेळ किंवा यादृच्छिक आकडा शिरलाय. मग एका चंकमधली एकच स्ट्रिंग बदलून तिसरं बिल्ड काढा. बदल तीनच ठिकाणी दिसायला हवा: तो चंक, रनटाइम आणि इंडेक्स डॉट एचटीएमएल. सोर्समॅप असतील तर त्यांचे सोबती धरा.

नंतर खरी परीक्षा. जुनं बिल्ड चढवा, ब्राउझरमध्ये पान उघडा, पण अहवालावर क्लिक करू नका. टॅब तसाच ठेवून नवं बिल्ड चढवा आणि आता क्लिक करा. नेटवर्क टॅबमध्ये त्या एका विनंतीचा पत्ता, स्टेटस, कंटेंट-टाइप आणि कॅश-कंट्रोल वाचा. नावात हॅश किंवा रिलीजचं फोल्डर असेल तर जुन्या पत्त्यावर जुनीच फाइल २०० सोबत आली पाहिजे. ४०४ आला तर सिंकने जुने चंक पुसले आहेत. क्वेरीवाल्या मांडणीत जुन्या व्हर्जनच्या पत्त्यावर नवी फाइल येईल. तेव्हा रीलोडचा कोड चालतो का ते तिथेच बघून घ्या, कारण नवी फाइल जुन्या पानात बिनतक्रार लोड होते, चंकलोडएरर येतच नाही आणि एरर पुढे मॉड्यूल बोलावताना फुटते. ती पकडणारा कोड वेगळा लिहावा लागतो.